उपासाच्या कपाटातले अकरा बटाटे

वनजाबाईंनी सोललेला बटाटा पाहिला, की यांचं बटाट्याशी काही जुनं वैर असावं असं कुणालाही वाटेल. साल त्या जाड काढतात. मग सुरीचं टोक खुपसून एकेक डोळा असा गोल खणतात, की त्याच्याबरोबर अर्ध्या सुपारीएवढा गर बाहेर यावा. "हिच्या हातात बटाटा दिला की अर्धा भाजीत, अर्धा बादलीत," असं त्यांचे यजमान खंडोजीराव चौतीस वर्षं म्हणत आले आहेत, आणि चौतीस वर्षं त्या बोलण्याचा काही उपयोग झालेला नाही.

त्याला कारण आहे. मुलगी चैत्रा चार वर्षांची असताना एका लग्नात तिनं हिरवट बटाट्याचा बोंडा खाल्ला आणि घरी येऊन निळी पडेपर्यंत ओकली. डॉक्टरांनी सहज सांगितलं, हिरवा बटाटा आणि कोंब आलेला डोळा पोटात जाऊ देऊ नका. सहज सांगितलेली गोष्ट सहज घेणं वनजाबाईंना जमत नाही. गॅस बंद केला का हे बघायला त्या दोनदा परत येतात. कुलूप लावून ओढतात, आणि रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर आपण ओढलं ते आजच की काल, असं वाटून थांबतात. त्या कॉलेजात शिकल्या आहेत, इतिहास घेऊन बी.ए. झाल्या आहेत, सनावळ्या त्यांना अजून तोंडपाठ येतात. पण सकाळी आपण काय केलं हे विचारलं, की गोंधळतात. एकाच कामाच्या दोन आठवणी समोर येतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात.

खंडोजीरावांचं मैसुरातल्या मंडी मोहल्ल्यात शिवणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. शाळांचे गणवेश आणि ब्लाउज शिवतात. घर गावाच्या कडेला, बोगादीला बांधून आठ वर्षं झाली. या नव्या घरात सासूबाईंकडून आलेली एकच वस्तू आहे: जिन्याखालचं जाळीच्या दाराचं लाकडी कपाट. ते उपासाचं कपाट. त्यात साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, सैंधव, तुपाचं भांडं, एवढंच. कांद्याचा हात, भाताचा हात त्याला लागायचा नाही. महिन्यातून दोन एकादश्यांना ते उघडतं, एरवी बंद. पंढरीनाथाला मानणारी ही मराठी शिंप्यांची घरं मैसुरात केव्हा आली ते आता कुणी नीट सांगू शकत नाही. मराठीत निम्मी कन्नड मिसळली, पोरं तर मराठी बोलता बोलता मधेच दुसऱ्या भाषेत निघून जातात. पण एकादशी तेवढी कुणी सोडली नाही.

चैत्रा अठ्ठावीस वर्षांची आहे. तीन तासांच्या वाटेवरच्या एका शेतकी कॉलेजात ती बटाट्यावर संशोधन करते. हे वनजाबाई लोकांना सांगतात तेव्हा आवाज थोडा खाली येतो. विठ्ठलमंदिरातल्या मालतीबाईंनी एकदा विचारलं होतं, "बटाट्यावर? सहा वर्षं? बटाट्यात असं काय असतं गं?" घरी आल्यावर वनजाबाईंनी मुलीलाच विचारलं.

"आई, तू तुझी ती मिरचीची कुंडी बघ," चैत्रा म्हणाली होती. "पानाखाली मावा बसलाय ना, हिरवा? तो रस पितो आणि रोगही पसरवतो. शेतातल्या बटाट्यावर तोच बसतो. मग शेतकरी औषध मारतो, परत मारतो. पण रानातले काही बटाटे असतात, दूर परदेशातल्या डोंगरातले, त्यांना औषध लागत नाही. त्यांच्या पानांवर बारीक केस असतात. केसाच्या टोकाला चिकट थेंब. काही केसांना तर चार खणांची इवलीशी गोळी असते. किड्याचा पाय लागला की फुटते. आतला रस हवेला लागून काळा पडतो, बघ तू बटाटा कापून ठेवलास की पडतो तसाच. किड्याच्या पायांना बूट चढतात काळे. तोंड बंद होतं. जागच्या जागी उपाशी मरतो."

"अय्यो पाप!"

"पाप कुणाचं? किड्याचं की झाडाचं?"

वनजाबाईंना ठरवता आलं नव्हतं. "मग लावा की तेच बटाटे सगळीकडे," त्या म्हणाल्या होत्या.

"तेच तर. ते खाता येत नाहीत. झाडानं नुसती पानं नाही राखली, बटाट्यातही कडू विष भरून ठेवलंय. उकडून जात नाही, तळून जात नाही. आपल्या बटाट्याशी संकर केला की केस येतात आणि मागोमाग कडूपणाही येतो. मला असं एक झाड पाहिजे, ज्याचं पान चिकट आणि बटाटा गोड. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. जगात काही कठीण नसल्यासारखं तिनं ते म्हटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात तिनं एकशेचाळीस रोपं बियांपासून वाढवली. बहुतेकांची पानं गुळगुळीत निघाली. काहींची चिकट निघाली, पण त्यांना बटाटेच धरले नाहीत. एका झाडाची पानं चिकट होती आणि खाली तेरा बटाटे निघाले. दोन तिनं कडूपणा तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवले. उरले अकरा. आणि तेवढ्यात कॉलेजच्या साठवणीच्या खोलीत पाकोळी शिरली, ती बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालते ती. पानांवर कितीही केस असले तरी काढून ठेवलेल्या बटाट्याला कुणाची राखण नसते. चैत्रा ते अकरा बटाटे घेऊन घरी आली, थंड, अंधारी, कुणी हात न लावणारी जागा शोधत फिरली, आणि जिन्याखालचं कपाट तिला सापडलं. वनजाबाई तेव्हा मंदिरात होत्या. चैत्रानं दुकानाच्या खाकी कव्हरात, म्हणजे कागदी पिशवीत, बटाटे घातले, त्यावर पेन्सिलीनं त्या झाडाचा आकडा, ११४, लिहिला, आणि बस पकडायला जाता जाता दुकानात डोकावून वडिलांना सांगितलं. खंडोजीरावांच्या तोंडात त्या वेळी टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली.

दहा दिवसांनी मार्गशीर्षातली एकादशी आली. फराळाची पाळी वनजाबाईंची होती.

मंदिरात दर एकादशीला एका घरानं फराळ करून न्यायचा, अशी रीत आहे. पंचवीस माणसं असतात. वनजाबाईंनी आदल्या संध्याकाळी बाजारातले बटाटे सोलून, कच्च्याच फोडी करून पाण्यात घालून ठेवल्या. त्यांच्या घरी उपासाची भाजी उकडून करत नाहीत. कच्च्या फोडी तुपावर जिऱ्यामिरचीत परतायच्या, झाकण ठेवायचं आणि वरून दाण्याचं कूट. पहाटे साडेपाचला मंदिरातून नागोजीरावांचा फोन आला. भजनाची सगळी व्यवस्था तेच बघतात.

"वनजाबाई, चामराजनगरचं मंडळ येतंय. पंधरा जण जास्ती."

"आत्ता सांगताय काका? दुकानं उघडायची आहेत अजून!"

"मला आत्ता कळलं, मी आत्ता सांगितलं. विठ्ठल बघून घेईल."

"विठ्ठल बटाटे सोलायला येणार आहे का?" हे मात्र त्या फोन ठेवल्यावर म्हणाल्या.

शेंगदाणे काढायला त्यांनी उपासाचं कपाट उघडलं, तर खाली खाकी कव्हर. आत बटाटे. लहान, गुलाबीसर, लिंबाएवढे काही, काही चिकूएवढे. डोळ्यांना साबुदाण्यासारखे पांढरे कोंब फुटलेले. वर पेन्सिलीचा आकडा, पण या घरातल्या प्रत्येक कव्हरावर कुणाच्या तरी ब्लाउजचा आकडा असतोच. यजमानांनी उपासाचे म्हणून वेगळे बटाटे आणले आणि आपणहून योग्य जागी ठेवले, असं वनजाबाईंना वाटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना क्षणभर भरून आलं. कोंब आलेले बघून त्यांनी डोळे नेहमीपेक्षाही खोल खणले, फोडी केल्या आणि बाकीच्यांत टाकल्या.

नैवेद्याचं चाखून बघायचं नसतं. भाजी देवापुढे गेली, मग पानांवर गेली, आणि चामराजनगरच्या मंडळानं पातेलं पुसून काढलं. वनजाबाईंनी घरी येऊन केळं खाल्लं.

शनिवारी चैत्रा आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि जिन्याखाली गेली.

"आई, इथलं कव्हर कुठं आहे?"

"कुठलं गं?"

"खाकी. बटाट्यांचं. एकशेचौदा."

वनजाबाई डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "ते तर झाले," त्या म्हणाल्या.

"झाले म्हणजे?"

"एकादशीला. लोक जास्ती आले ना."

चैत्रा कपाटासमोर उकिडवी बसली होती, ती तशीच मागे सरकून भिंतीला टेकली. तिनं आधी विचारलं ते भलतंच. "कुणाला काही झालं का? पोटात दुखलं? उलट्या? आई, नीट आठव. कडू लागली का भाजी?"

"मी खाल्लीच नाही."

"चाखली तर असशील."

"नैवेद्य चाखतात का, चैत्रा!"

"अप्पांना सांगितलं होतं मी. स्पष्ट सांगितलं होतं."

खंडोजीराव दारात उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "सांगितलं होतंस?" ते म्हणाले. "गोत्तिल्ला, बाळ. ठाऊक नाही मला." मग, अगदी हळू: "टाचण्या होत्या तोंडात."

"अप्पा, भाजी तुम्ही खाल्लीत ना? कशी होती?"

"चांगली होती."

"कडवट?"

"आता तू विचारतेस तर... मी काय सांगू? पानात पडलं ते खातो."

तेव्हापासून वनजाबाईंच्या डोक्यात दोन भीत्या बसल्या. आपण चाळीस माणसांना विष घातलं की काय, ही एक. आणि मुलीची सहा वर्षं आपण तुपावर परतली, ही दुसरी. पहिली त्यांनी त्याच संध्याकाळी मंदिरात जाऊन घालवायचा प्रयत्न केला. कारण सांगायची हिंमत नव्हती. त्यांनी आडून विचारलं.

"काका, त्या दिवशीची भाजी कशी झाली होती हो?"

नागोजीरावांनी टाळ खाली ठेवले. "खरं सांगू? किंचित कडसर. मला वाटलं मधुमेहवाल्यांसाठी मेथ्या घातल्यात. बरं वाटलं मनाला, कुणीतरी आमचा विचार करतं."

"काहीतरीच!" मालतीबाई मधेच म्हणाल्या. "गोड होती. उलट जरा जास्तच गोड. साखर घातली होतीस ना वनजा? आमच्याकडे घालत नाहीत, पण तुझी पद्धत म्हणून मी बोलले नाही."

"मी काहीच घातलं नाही."

"मग मीठ कमी असेल," तिसरं कुणी म्हणालं.

सगळे धडधाकट होते. चामराजनगरला फोन केला तर तिकडून पुढच्या एकादशीचं आमंत्रण हवं असल्याचं कळलं. पहिली भीती सुटली. पण भाजी कडू होती की गोड, हे जितक्या जणांना विचारावं तितकं अंधुक होत गेलं. आणि चैत्राला हवं होतं ते नेमकं तेवढंच.

घरी चैत्रानं दुसरा प्रश्न विचारला. "साली कुठं टाकल्यास?"

वनजाबाईंना हाच प्रश्न नको होता. त्या खाली बसल्या. आदल्या संध्याकाळच्या साली गच्चीवरच्या निळ्या क्रेटमधे घातल्या होत्या, जिथं त्या पालापाचोळा आणि माती टाकून खत करतात. ते नक्की. पण पहाटेच्या? रोज सकाळी सातला दूधवाली येते, तिच्या गाईसाठी साली बादलीतून द्यायच्या असतात. पहाटेची बादली दिल्याचं त्यांना दिसत होतं. तिचा हात, बादलीची कडी, सगळं. आणि ओली बादली घेऊन गच्चीचा जिना चढल्याचंही दिसत होतं.

"दिल्या वाटतं गाईला," त्या म्हणाल्या.

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे दिल्याच असणार."

दूधवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "रोज देता अक्का. कुठल्या दिवसाचं विचारता?"

चैत्रा रविवारी परत गेली. रागावली नाही. वनजाबाईंना ती रागवायला हवी होती. निघताना तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कडूच निघाले असते, आई. बहुतेक वेळा कडूच निघतात. सोड."

बहुतेक. हा शब्द वनजाबाईंना जन्मात आवडला नाही. गॅस बहुतेक बंद आहे. कुलूप बहुतेक लावलं आहे. या शब्दापाशी माणसाला झोप लागत नाही.

आठवड्यानं फोन आला. प्रयोगशाळेचा कागद आला होता. एकशेचौदामधे कडू विष बाजारातल्या बटाट्याइतकंच होतं, कणभरही जास्ती नाही.

"म्हणजे चांगलंच झालं ना?" वनजाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना अर्थ कळला. पान चिकट आणि बटाटा गोड. एकशेचाळीसमधलं ते एकच. मालतीबाई बरोबर सांगत होत्या.

"तेच बी पुन्हा लाव ना," त्या म्हणाल्या.

"बियांतून तेच झाड पुन्हा येत नाही, आई. भावंडं येतात. ते झाड फक्त त्या बटाट्यांच्या डोळ्यांत होतं." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "सरांना अजून सांगितलं नाही मी. महिनाअखेरीला सांगेन. परत पहिल्यापासून करायचं म्हटलं तर तीन वर्षं. देतील की नाही, बघू."

डोळे. वनजाबाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. याच हातानं ते खणले होते.

पुढच्या एकादशीला त्यांनी घरात बटाटा आणू दिला नाही. रताळी केली. खंडोजीराव पान ओढून खायला लागले. काही बोललं तर टाचण्यांचा विषय निघेल हे त्यांना कळत होतं. रोज त्या गच्चीवर जाऊन निळ्या क्रेटकडे बघत. एकदा खुरपं घेऊन उकरायला बसल्याही, पण हाताला काळं पडलेलं काहीतरी लागलं, आणि चांगलं असेल तेही आपणच मोडू या भीतीनं त्यांनी माती परत लोटली. पाणी घालावं की नाही हेही कळेना. एक दिवस घालत, एक दिवस नाही.

त्या एकादशीनंतर तीन दिवसांनी सकाळी क्रेटमधे कोंब दिसले. सात.

वनजाबाईंनी पदर खोचला आणि खाली बसल्या. बटाट्याचेच कोंब, यात शंका नाही. पण कुठल्या बटाट्याचे? आदल्या संध्याकाळच्या बाजारी साली तर इथंच टाकल्या होत्या, आणि त्यांनाही डोळे होतेच. पहाटेची बादली गाईला गेली असेल तर हे सातही बाजारचे. त्यांनी एका पानाला बोट लावलं. चिकट लागलं. मग लक्षात आलं की आपण आत्ता गूळ फोडून आलोय. खाली जाऊन साबणानं हात धुतले, पुसले, वर आल्या, परत लावलं. आता काहीच लागेना. दुसऱ्याला लावलं. लागलं? घाम असेल. पहिल्याला परत लावलं. चार वेळा हात धुतल्यावर त्यांना चिकट म्हणजे काय तेच कळेनासं झालं.

"अहो," त्यांनी जिन्यातून हाक मारली. "जरा वर या. हात धुवून या."

खंडोजीराव दाढीचा साबण अर्धा गालावर ठेवून आले. "काय झालं?"

"या पानांना हात लावून सांगा, कुठलं कसं आहे. मला काही कळत नाही."

"मला काय कळणार पानांतलं? मी शिंपी माणूस."

"कपडा समजा."

खंडोजीराव बसले. त्यांनी खरोखर डोळे मिटले. अंधारात नाडी घालणारी, एकाच थानातला उलटा-सुलटा नुसत्या स्पर्शानं सांगणारी ती बोटं एकेका पानावरून फिरली, आधी देठाकडून टोकाकडे, मग टोकाकडून देठाकडे. वनजाबाई श्वास धरून बघत होत्या.

"हा पॉपलीन," ते म्हणाले. "हाही पॉपलीन. हा... थांब. हा नाही. याला लव आहे. बोट पुढे जातं, मागं येताना धरून ठेवतंय. मखमलीचं असतं तसं, पण ओलं." ते पुढे सरकले. "ही पण मखमल. हा पॉपलीन. ही मखमल." शेवटच्या कोंबाशी त्यांचं बोट थांबलं. पान अजून उलगडलंही नव्हतं. "हे गोत्तिल्ला. लहान आहे फार."

"नक्की?"

"गोत्तिल्ला हे नक्की."

वनजाबाईंनी झाडूच्या काड्या आणून तीन कोंबांशेजारी रोवल्या, आणि चौथ्याशेजारी एक मोडकी काडी. मग उठता उठता त्यांना दिसलं. शेजारच्या मिरचीच्या कुंडीवरून मावा उतरला होता आणि दोन पॉपलीनच्या पानांखाली आरामात बसला होता. काडी लावलेल्या एका पानावर मात्र तीन काळे ठिपके होते. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. ठिपक्यांना पाय होते.

फोन ऐकून चैत्रा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं आली. बाहेरचे कपडे न बदलता गच्चीवर गेली, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पानाशी नाक टेकेल इतकी वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. वनजाबाईंना तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नव्हतं.

"काय आहे? सांग ना. काही असलं तरी सांग."

चैत्रानं वळून भिंग आईच्या हातात दिलं. "ये, बघ."

वनजाबाईंना आधी नुसतं हिरवं धुकं दिसलं. मग त्या धुक्यात केस उभे राहिले, दाट, आणि प्रत्येकाच्या टोकावर चमकणारा थेंब. मधेच एक किडा, पायांना काळे बूट घातलेला.

"माझं आहे हे," चैत्रा म्हणाली. "आई, तू इतकं खोल खणतेस म्हणून कोंबाला खायला गर मिळाला. नुसती पातळ साल असती तर वाळून गेली असती."

"म्हणजे बादली मी वरच आणली होती?"

"हो."

"आणि गाईला दिली ती?"

"ती दुसऱ्या कुठल्या दिवसाची."

वनजाबाईंना तरीही दूधवालीचा हात दिसत होता. "पण नक्की तेच ना हे? एकशेचौदाच?"

"तपासून घेईन. पण बहुतेक."

"परत बहुतेक!"

"आई, आमच्याकडे यापेक्षा मोठा शब्दच नाही." आणि मग डोळे पुसत, हसत: "तू पण ना, या पानासारखीच आहेस. एकदा कुणाला धरलंस की सोडत नाहीस."

"म्हणजे मी माणसं मारते होय?" वनजाबाई म्हणाल्या. त्यांना ही थट्टा आहे की तक्रार, हे नीट कळलं नाही. खंडोजीराव जिन्यात उभे राहून हसले, म्हणून त्याही हसल्या.

चैत्रानं तीन कोंब मातीसकट उचलून खोक्यात बसवले. मोडक्या काडीचा चौथा तिनं भिंगातून दोनदा बघितला आणि मान हलवली. "याचं सांगता येत नाही. केस आहेत, थेंब दिसत नाही. पुढे येतील किंवा नाही येणार. याला इथंच राहू दे. तीन तिकडे आहेत, त्यांना काही झालं तर हा हाताशी असेल. पण तोवर तू सांभाळ."

"मी?" वनजाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे?"

"मग कुणाकडे?"

चौथा कोंब कुंडीत गेला. वनजाबाई रोज सकाळी हात धुवून त्याला बोट लावतात, आणि रोज त्यांना काही कळत नाही. यजमानांना विचारलं तर तेही दरवेळी डोळे मिटून तेच उत्तर देतात. उपासाच्या कपाटाला आता कडी आहे, आणि आत काही ठेवायचं असलं तर घरातल्या दोन माणसांना, तोंड रिकामं असताना, सांगायचं असा नियम आहे.

चैत्रा जाऊन दहा दिवस झाले तेव्हा पुन्हा एकादशी आली. पाळी मालतीबाईंची होती, त्यामुळे सकाळ मोकळी होती. ऊन नुकतं गच्चीवर चढलं होतं. वनजाबाई कुंडीशी बसल्या. रात्रीत एक पान पुरतं उलगडलं होतं आणि त्याच्या कडेला एक हिरवा मावा उभा होता, जिवंत. त्यांनी बघितलं तसा त्यानं पुढचा पाय उचलला. पाय सुटला नाही. दुसरा उचलला. तोही नाही.

वनजाबाईंच्या हातात झाडूची काडी होती. एकादशीला त्या मुंगीलाही धक्का लागू देत नाहीत. काडी आपोआप पुढे गेली, त्याला अलगद सोडवायला. पानापासून बोटभर अंतरावर ती थांबली. किडा सुटला, तर पान चिकटच नव्हतं की आपण मधे पडलो, हे पुन्हा कधी कळणार नाही. नाही सुटला, तर... त्यांनी मनातल्या मनात कुणाच्या बाजूनं बोलावं हे ठरवायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमेना. किड्याच्या पायाशी काळं दिसायला लागलं होतं, की ती पानाची सावली होती?

काडी तशीच धरून त्या ओरडल्या, "अहो! लवकर वर या. हात धुवून!"